पळी ओढल्याचा आवाज

१

मॉन्ट्रियलच्या सां-लेओनार भागातल्या कुठल्याही इटालियन घरात दोन स्वयंपाकघरं असतात. एक वर, एक तळघरात. वरचं फक्त दाखवायचं. त्यातला ओटा रोज पुसायचा, टेबलावरच्या लेसच्या कापडावर प्लास्टिक घालून ठेवायचं आणि वर्षातून एकदा पाद्रीबाबा आले की त्यांना तिथे बसवून कॉफी द्यायची. ती कॉफीसुद्धा खालीच करून वर आणायची. तळणं, उकळणं, भांडणं, रडणं सगळं खाली. लोरेताच्या वरच्या शेगडीला बसवल्यापासून कांद्याचा वास ठाऊक नव्हता.

त्यामुळे ऑगस्टातल्या त्या शुक्रवारी मॉन्ट्रियलवर आभाळ फाटलं आणि तळघराच्या मोरीतून पाणी उलटं वर आलं, तेव्हा लोरेताचं सगळं घरच बुडालं असं म्हणायला हवं. वरच्या खोल्या ठणठणीत कोरड्या होत्या. पण त्यांत ती राहत कुठे होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मुलगी मिरेल्ला आपलं केस कापायचं दुकान बंद ठेवून धावत आली. वीज कंपनीच्या माणसाने बाहेरूनच अख्ख्या घराची वीज तोडली होती. लोरेता वरच्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या अगदी कडेला, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत असावी तशी.

"आई, नीट टेकून बस की. तुझंच घर आहे."

"प्लास्टिक चिकटतं," लोरेता म्हणाली.

ऐंशी कधीच ओलांडली होती तिने. हृदय कमजोर, गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरांनी तळघराचा जिना वसंतातच बंद केला होता आणि तिने तो एक दिवसही बंद ठेवला नव्हता. आता मात्र पाण्यानेच दार अडवलं होतं. मिरेल्लाला मनातून थोडं बरं वाटलं. तिने पाव कापला, चीज कापलं, परसातले टोमॅटो चिरले आणि प्लास्टिकवरच ताटली ठेवली.

"घे."

"एवढ्यात?"

"बारा वाजून गेले आई."

लोरेता काही बोलायच्या आत खिडकीखालच्या लोखंडी हीटरमधून आवाज आला. पातेल्याच्या तळाशी पळी घासावी तसा, लांब, सावकाश. खर्रर्र. हीटरचा पाइप खाली तळघरातल्या बॉयलरपासून वर आलेला होता. आवाज त्याच वाटेने आला असणार.

लोरेताने पर्स बाजूला ठेवली आणि टेबलाला धरून उठायला लागली. तिचा चेहरा बघून मिरेल्लाला हसूच आलं. अरे, हा आवाज तर तिच्या ओळखीचा होता.

"कुठे निघालीस? ही तर थांबायची खूण," ती थट्टेने म्हणाली. "आत्या थांब म्हणतेय. बस खाली."

लोरेताने तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणतेस तर थांबते."

आणि ती पुन्हा खुर्चीच्या कडेला टेकली. मिरेल्लाने पावाचा तुकडा तोंडात घातला, आणि मग तो तिला पटकन गिळता येईना. आत्याला जाऊन आठेक वर्षं झाली होती.

२

आत्या म्हणजे मिकेलिना. मिरेल्लाच्या बाबांची थोरली, बिनलग्नाची बहीण. इटलीतल्या मोलिझेच्या गावाहून भावाच्या मागोमाग आली ती थेट त्याच्या तळघरात उतरली आणि तिथेच तिने राज्य केलं. बुटकी, रुंद, नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिची एक लोखंडी पळी होती. स्वयंपाक झाला की शेगडीशेजारून वर जाणाऱ्या पाइपवर ती त्या पळीने एक सणसणीत टोला हाणायची. ठण्! तो टोला वरच्या हीटरमधून घरभर घुमायचा आणि बाबा, पोरं, कुणी आलंगेलं, सगळे जिन्यावरून खाली पळायचे. कुणी रेंगाळलं की खालून आरोळी यायची, "निवतंय!"

तो एक आवाज. दुसरा नंतर यायचा. जेवणं आटोपून, तोंडं पुसून पोरं वर निजायला आली की पळी पाइपवरून हळूच ओढल्याचा. खर्रर्र. त्यानंतर खाली फिरकायचं नाही. मिरेल्लाने लहानपणी एकदा अर्थ विचारला होता, तेव्हा बाबा म्हणाले होते, "म्हणजे थांबा. आता खाली यायचं नाही." एवढं सोपं होतं ते.

दुपारी शेजारचे दोनातो आले, गमबूट घालून. त्यांच्याही तळघरात वाइनचे मोठमोठे बुधले आडवे झाले होते आणि त्या दुःखाने ते अखंड बोलत होते.

"चार पिंपं, मिरेल्ला! लाल! आता आमच्या उंदरांना चढलीय आणि ते गाणी म्हणतायत."

"काका, पाइपमधून आवाज येतोय खालच्या. जरा बघाल का?"

दोघं जिन्याच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत गेले. वरच्या झरोक्यातून उजेड येत होता. पाणी कंबरेपर्यंत, गढूळ. डीप फ्रीज पाठीवर पडून तरंगत होता. टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या एकमेकींना टिकटिक धडकत होत्या. शेगडीच्या कोपऱ्यात एक लाकडी खोकं हेलकावे खात होतं.

"ते बघ तुझं भूत," दोनातो म्हणाले. "खोकं पाइपला घासतंय. पाणी हललं की खोकं हलतं. सुटलं कोडं. मला कॉफी दे."

"वीज नाहीये काका."

"मग भूत बरं होतं, त्याने निदान कॉफी केली असती."

मिरेल्ला हसली. कोडं सुटलं याचा तिला खरंच आनंद झाला. फक्त वर येताना तिने वळून बघितलं तर पाणी अगदी स्थिर होतं आणि खोकं पाइपपासून चांगलं हातभर लांब होतं. आत्ता लांब आहे, तिने स्वतःला सांगितलं. मघाशी जवळ असेल.

३

मग रेजां आला. पाणी उपसायचा मोठा पंप, दोन माणसं आणि कानावर खोचलेली सिगारेट घेऊन. पाणी गेलं, चिखल राहिला, आणि त्यानंतर लोरेताचा संसार जिन्यावरून वर यायला लागला. रस्त्यावर प्रत्येक घरापुढे तसाच ढीग होता. ओल्या गाद्या, फुगलेली कपाटं, नाताळातली प्लास्टिकची झाडं. लोरेता खिडकीत उभी राहून बघत होती. तिची शेगडी गेली, कणीक वळायची फळी गेली, दोन खुर्च्यांचं छोटं टेबल गेलं. ती एकदाही हळहळली नाही.

"पळी तेवढी आणा," ती म्हणाली. "पाइपजवळ खिळ्याला असते."

रेजांला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, खिळा आहे, पळी नाही. मिरेल्लाने हातमोजे चढवून फुटपाथवरचा ढीग उपसला. पळी मिळाली नाही. संध्याकाळी कचऱ्याची गाडी येऊन सगळं चेपून घेऊन गेली.

"नवीन आणू आई."

"ती तुझ्या आत्याची होती. मला कुठे हात लावू द्यायची?" लोरेता म्हणाली आणि हसली. "मिठाची बरणीसुद्धा तिच्या ताब्यात. मी मीठ घातलं की खारट, तिने घातलं की बरोबर. बरणी एकच, मीठ एकच."

नणंद-भावजय एकमेकींना पाण्यात पाहायच्या, हे गल्लीला ठाऊक होतं. मिरेल्लाचं लहानपण त्या दोघींच्या भांडणाच्या आवाजावर झोपी जाण्यात गेलं होतं. पण आत्या आजारी पडली तेव्हा तिला रोज न्हाऊ कुणी घातलं, हेही मिरेल्लाने बघितलं होतं.

"मी लग्न होऊन आले तेव्हा," लोरेता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाहेर बर्फ. तुझे बाबा कामावर. मला इथली भाषा येईना, दुकानात जायची भीती. या खोलीत, इथेच बसून मी रडत होते. मिकेलिना जिना चढून वर आली. माझ्या मनगटाला धरलं आणि खाली नेऊन शेगडीशी बसवलं. पुढ्यात कवातेल्लीचं ताट ठेवलं, हाताने वळलेला पास्ता. म्हणाली, 'या घरात कुणी एकटं जेवायचं नाही. मी बोलावल्याशिवाय यायचं नाही, आणि बोलावलं की थांबायचं नाही.' मग बघत बसली माझ्याकडे, मी संपवेपर्यंत."

तिचे डोळे भरले होते, पण दुःखाने नव्हे. मिरेल्लाला ते आवडलं नाही. माणूस सणाची वाट बघताना असा दिसतो.

४

चिखल धुऊन काढायच्या आधी रेजांने मिरेल्लाला खाली बोलावलं.

"मॅडम, हे बघा. इतकी वर्षं हेच करतोय, असं नाही बघितलं."

तळघर आता रिकामं होतं. नुसती फरशी आणि सिमेंटच्या भिंती. पाणी जिथवर चढलं होतं तिथे भिंतीवर तपकिरी रेघ उमटली होती, खोलीभर फिरलेली, सरळ, कुणी दोरी धरून मारावी तशी. फक्त शेगडीच्या कोपऱ्यात, पाइपजवळ, ती तुटली होती. हात-दीड हात रुंदीचा भिंतीचा पट्टा वरपासून खालपर्यंत स्वच्छ होता. चिखलाचा ठिपकाही नाही. त्याच्या पायथ्याशी फरशीवरही गाळ नव्हता.

"तेल," रेजां म्हणाला. "इथे उभं राहून कुणीतरी वर्षानुवर्षं तळलंय. भिंत तेल प्यायली की पाणी धरत नाही."

"तसंच असणार," मिरेल्ला म्हणाली.

"तसंच," तो म्हणाला. पण कानावरची सिगारेट काढून त्याने हातात घेतली आणि ती बाहेर जाऊन ओढतो म्हणाला. त्याची माणसं त्या कोपऱ्याकडे पाठ करून काम करत नव्हती, हे मिरेल्लाच्या लक्षात आलं. कदाचित उगाचच लक्षात आलं असेल.

ती एकटी उरली. तिने भिंतीला हात लावला. आजूबाजूचं सिमेंट गार आणि ओलं होतं. पट्टा कोरडा होता. बुटक्या, रुंद बाईच्या पाठीएवढा. तिने हात मागे घेतला, कारण तो तिथे ठेवायला तिला बरं वाटायला लागलं होतं.

५

बॉयलर बुडून निकामी झाला होता. रेजांने तो काढून नेला आणि जाता जाता वरच्या हीटरचा पाइप छताखाली वीतभर ठेवून कापून टाकला. राहिलेला तुकडा त्याने शेगडीच्या कोपऱ्यात तसाच लोंबता ठेवला. नवा बॉयलर यायला महिने लागणार होते. सगळ्या मॉन्ट्रियललाच हवा होता.

पाणी गेलं. खोकं गेलं. पाइप कुठेच जात नव्हता. तरी दुपारी, रोजच्यासारखा, हीटरमधून आवाज आला. खर्रर्र.

मिरेल्ला सिंकपाशी उभी होती. तिने जाऊन हीटरवर तळहात टेकवला. लोखंड थरथरत होतं, मांजर गुरगुरावं तसं बारीक. शेजारची भिंत सामाईक आहे, ती स्वतःला म्हणाली. दोनातोंकडे काहीतरी चाललं असेल. उन्हाने लोखंड तापतं, ताणतं. तिने अशी तीन-चार कारणं मनात रांगेने उभी केली आणि त्यांतलं एकही तिला चालेना.

लोरेता अर्धवट उठून तिच्याकडे बघत होती. रोज बघायची. परवानगी मागणाऱ्या मुलीसारखी.

"थांब म्हणतेय," मिरेल्ला म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"हं," लोरेता म्हणाली आणि बसली.

ताट पुढे तसंच होतं. पाणी आल्यापासून लोरेता धड जेवलीच नव्हती. दुधात बुडवलेला पावाचा तुकडा, दोन द्राक्षं, बस. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, हृदय थकलंय, खायला घाला.

"आई, खा ना गं. चार घास."

"भूक मोडते मग."

"कशासाठी राखतेस भूक?"

लोरेता लेसच्या कापडावरचं प्लास्टिक बोटाने सारखं करत राहिली.

मिरेल्लाचा तोल गेला. "ती मेली आई! आठ वर्षं झाली. तू आणि मी पेटीवर फुलं टाकून आलोय."

"मग?" लोरेता शांतपणे म्हणाली. "मेली म्हणून काय स्वयंपाक करायची थांबणार आहे ती? तू ओळखत नाहीस तिला."

मिरेल्ला तिच्या पायाशी बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. साठीची बाई, दोन नातवंडांची आजी, पण रडली. तिला कशाचंच भय वाटत नव्हतं, ना पाइपचं, ना त्या कोरड्या भिंतीचं. आई जाईल याचं वाटत होतं. लोरेता तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

"रविवारी माझ्याकडे चल," मिरेल्ला म्हणाली. "तिसरा मजला आहे. लिफ्ट आहे. तळघर नाही."

"तळघर नाही?" लोरेताने दचकून विचारलं. मग म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर."

६

रविवारी ऊन पडलं होतं. दोनातो निरोपाला तुळशीची कुंडी घेऊन आले, लोरेताच्या गालांचे मुके घेतले, "तिसऱ्या मजल्यावरून आमच्यावर थुंकू नकोस," म्हणाले आणि डोळे पुसत गेले. बॅग गाडीत गेली. लोरेताने बाहेरचे बूट घातले, कोट घातला, उन्हाळ्यात कोट. मिरेल्ला खिडक्या बंद करत होती.

हीटर वाजला. खर्रर्र. थांबला. पुन्हा वाजला. आज एकदा ओढून थांबेना. सावकाश, धीराने, पुन्हापुन्हा, कुणीतरी दाराशी उभं असल्यासारखा.

मिरेल्ला वळली तेव्हा लोरेता खुर्चीवर बसून बूट काढत होती. सपाता तिने पिशवीतून बाहेर काढून ठेवल्या होत्या. कोट काढला. केसांवरून ओला हात फिरवला.

"आई! थांब म्हणतेय ना ती?"

"किती थांबायचं गं?" लोरेता म्हणाली. तिचा आवाज तक्रारीचा नव्हता, नुसता दमलेला होता. "किती दिवस झाले."

"तू बस. मी बघून येते. मी सांगते तिला. बस."

लोरेता बसली. मिरेल्लाने जिन्याचं दार उघडलं आणि उतरली. आवाज तिच्या पहिल्या पावलालाच बंद पडला.

खाली झरोक्यातून उन्हाचा एक तिरपा पट्टा फरशीवर आला होता. धुतलेलं, रिकामं तळघर. चुन्याचा आणि औषधाचा वास. आणि त्याच्या खाली, अगदी हलका, तेलात भाजलेल्या मिरच्यांचा. शेगडी नव्हती. तेल नव्हतं. भिंती धुऊन सगळ्या एकसारख्या झाल्या होत्या, तरी कोपऱ्यातला तो पट्टा वेगळा कळत होता, कारण बाकीची भिंत अजून ओली होती.

मिरेल्ला त्याच्यासमोर उभी राहिली.

"आत्या," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला मूर्खासारखा वाटला, तरी ती बोलत राहिली. "मला अजून आई हवी आहे. तू तिला थांब म्हणतेस, मला माहीत आहे. तुझे उपकार आहेत. पण आज जरा जोरात सांग. म्हणजे ती बूट घालेल आणि येईल माझ्याबरोबर."

काहीच झालं नाही. घर गप्प होतं. मग तिला वाटलं, आत्याने कशाला सांगायला हवं? खूण तर आपल्यालाही येते. तिने खिशातून घराची किल्ली काढली, टाचा उचलल्या आणि लोंबणाऱ्या पाइपच्या तुकड्यावर किल्ली टेकवली.

किल्ली नुसती किरकिरली. लहानपणीही असंच व्हायचं. पातेलं ढवळायला घेतलं की पळी तिच्या हातात नीट फिरायचीच नाही. तेव्हा आत्या मागे उभी राहायची आणि तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची.

तिच्या मुठीवर मूठ आली.

जाड, गरम, पिठाने खरखरीत. मिरेल्लाने मान वळवली नाही. वळवता आली असती. तिला ते पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच तिने वळवली नाही. डोळ्याच्या कडेला उन्हाच्या पट्ट्यात फक्त एक कोपर दिसलं, गुंडाळलेली बाही, भाजल्याचा जुना डाग. हात वर सरकला, तिचा हात घेऊन, आणि सावकाश खाली आला. खर्रर्र. किल्लीचा आवाज असा येत नाही. पळीचा येतो. आवाज पाइपमधून वर गेला, भरदार, गोड, घरभर.

मूठ निघाली. मिरेल्लाच्या बोटांना कांद्याचा वास येत होता.

वर खुर्ची सरकली. बसली, मिरेल्लाला वाटलं. देवा, बसली. ऐकलं तिने.

मग सपातांचा आवाज आला. फट्, फट्. जिन्याच्या दाराच्या दिशेने.

७

"आई, थांब!" मिरेल्ला पायऱ्या चढत ओरडली. "आत्याने थांब म्हटलं! मी म्हटलं! ऐकलं नाहीस का?"

लोरेता कठड्याला धरून अर्ध्यावर आली होती. तिचं तोंड उजळलं होतं. मिरेल्लाने तिला दोन्ही हातांनी धरलं तेव्हा तिचा जीव तिच्या कोटाएवढा हलका लागला.

"अगं, ऐकलं म्हणून तर आले," लोरेता धापा टाकत म्हणाली. "इतके दिवस तू म्हणायचीस थांब, म्हणून थांबले. आता दोघींनी मिळून बोलावल्यावर कशी थांबू?"

"बोलावलं नाही. ती थांबायची खूण आहे. बाबा सांगायचे."

"तुम्हाला." लोरेताने तिच्या गालाला हात लावला. "पोरांनी थांबायची. तुमची सगळ्यांची जेवणं झाली, मी तुम्हाला वर आणलं, निजवलं, की मग ती मला बोलवायची. दोघींचं राहिलेलं असायचं ना. टोला मारला असता तर तुम्ही जागे झाला असता. म्हणून पळी ओढायची, हळूच. ये म्हणून. आता आपलं दोघींचं म्हणून."

मिरेल्लाच्या कानात सगळे आवाज एकदम जमा झाले. रोजचे, दुपारचे. आणि तिचं स्वतःचं उत्तर. आई रोज उठत होती आणि ती रोज आईला उपाशी बसवत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला मी हवी होते," लोरेता म्हणाली. "म्हटलं, असू दे. ती रागावेल, पण थांबेल."

तिचे गुडघे वाकले. मिरेल्लाने तिला सांभाळत पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. वर नेऊ, डॉक्टरांना फोन करू, गाडी दारातच आहे, हे सगळं तिच्या मनात आलं. फोन वर टेबलावर होता. उठायचं म्हटलं तर आईला एकटीला सोडावं लागलं असतं. लोरेताने डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. तिचा श्वास लांब लांब अंतराने येत होता आणि त्यात त्रास नव्हता.

"कवातेल्लीच असणार," ती पुटपुटली. "रविवार आहे."

खाली, जिन्याच्या वळणापलीकडे, जिथे आता टेबल नव्हतं, तिथे लाकडावर ताट ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा. मग थोडा वेळ काहीच नाही. मिरेल्लाने आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. बांगड्या तिच्या मनगटावर घरंगळल्या. ती पायरीकडेच बघत राहिली, वळणाकडे नाही.

दुसरं ताट ठेवल्याचा आवाज आला.

लोरेता हलली नाही, पण तिची बोटं किंचित हलली. ती अजूनही थांबली होती. वाट बघत होती मिरेल्लाची, रोज बघायची तशी. मिरेल्लाला ते कळलं आणि तिला वाटलं, हे आपल्याच्याने होणार नाही. मग तिने आईच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"जा आई," ती म्हणाली. "निवतंय."